मुक्ताचे सहा उन्हाळे

जिन्यात दुसऱ्या मजल्यापर्यंत नुसता फरशी पुसण्याच्या साबणाचा वास होता. तिसऱ्या मजल्यावर पोचले आणि पाय आपोआप थांबले. वाळवलेला ओरेगानो, वर्षानुवर्षं तापत आलेलं ऑलिव्हचं तेल, आणि दोन्हींच्या तळाशी उदाचा मंद वास. एलेनीबाई जाऊन तीन महिने झाले होते. घरातलं सामान निम्मं गेलं होतं. वास जागचा हलला नव्हता.

त्यांच्या मुलाचा, स्तावरोसचा, आठवड्यापूर्वी फोन आला होता. “महिनाअखेरीला घर मालकाला परत द्यायचंय. मुक्ताला जे हवं असेल ते तिने घेऊन जावं. आईने तसं सांगून ठेवलंय.” मुक्ता म्हणजे माझी मुलगी. एकवीस वर्षांची, बर्लिनला शिकते, ईस्टरच्या सुट्टीत घरी आली होती. फोन ठेवल्यावर मला पहिल्यांदा काय जाणवलं, तर त्या निरोपात माझं नाव नव्हतं.

दार उघडंच होतं. आत स्वयंपाकघरात मुक्ता ओट्यापाशी उभी राहून स्तावरोसशी बोलत होती. ग्रीकमध्ये. बोलता बोलता हसली आणि हसता हसता तिला रडू फुटलं. रडतानाही ती जे काही पुटपुटली ते ग्रीकच होतं. मी दाराशी पर्स धरून उभी. माझी मुलगी कुठल्या शब्दांत रडते आहे हेही मला कळत नव्हतं.

इंगोलश्टाटमधल्या या इमारतीत आम्ही चौदा वर्षं काढली. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, एलेनीबाईंचं बरोबर आमच्या डोक्यावर. त्या तरुणपणीच ग्रीसच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या एका खेड्यातून इथे कामाला आल्या होत्या. कपडे शिवायच्या कारखान्यात आयुष्य गेलं, नवरा इथेच वारला. मी आणि नवरा आपसांत त्यांना एलेनीबाई म्हणायचो. मुक्ता म्हणायची याया. ग्रीकमध्ये याया म्हणजे आजी. हा शब्द तिला कुणी शिकवला नव्हता. जिन्यात ऐकला आणि उचलला.

आम्ही दोघंही नोकरी करणारे. बव्हेरियातल्या शाळांना उन्हाळ्याची सहा आठवड्यांची सुट्टी लागते ती ऑगस्टमध्ये, आणि तेवढी रजा आम्हा दोघांची मिळूनही भरत नसे. मुक्ता सहा वर्षांची असताना एलेनीबाई खाली आल्या, हातात लालांगियाची बशी. लालांगिया म्हणजे त्यांच्याकडची कडबोळी म्हणा. मीठ घातलेल्या कणकेच्या लांब वळ्या, तेलात खरपूस तळलेल्या. बशी टेबलावर ठेवून त्या म्हणाल्या, “मी ऑगस्टमध्ये गावी जाते. घर रिकामं, किनारा रिकामा. माझ्या नातवंडांना वेळ नाही. तुमची मुलगी मला द्या.”

आम्ही दिली. खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं.

ती परत आली ती सप्टेंबरात, म्युनिकच्या विमानतळावर. एलेनीबाईंचं बोट धरून. तांब्याच्या भांड्यासारखी दिसत होती. केस टोकांना पिवळट झाले होते, गुडघ्यांवर खरचटल्याच्या खुणा, आणि अंगाला एक वास. मी तिला जवळ घेतलं आणि नाक तिच्या मानेत खुपसलं, आई करते तसं. तिथे माझ्या मुलीचा वास नव्हता. मीठ, अंजिराचा चीक, उन्हात तापलेला दगड. घरी आल्यावर तिला न्हायला घातलं. दोनदा साबण लावला.

रात्रीच्या वरणभातावर मी मीठ वाढलं तर ती म्हणाली, “आपल्या मिठाला वासच नाही.” मग सांगत सुटली. तिकडे मीठ दुकानातून आणत नाहीत. लाटा खडकांच्या खळग्यांत पाणी टाकून जातात, ऊन ते पिऊन टाकतं, आणि खाली मीठ उरतं. याया आणि ती चमचे घेऊन जातात. पहाटे जायचं, खडक गार असेपर्यंत. वरचं पांढरं तेवढं खरवडायचं, खालचं करडं तसंच राहू द्यायचं. सहा वर्षांच्या पोरीला मीठ काढता येत होतं आणि मला ते माहीतसुद्धा नव्हतं.

असे सहा उन्हाळे. दर सप्टेंबरला ती नव्या गोष्टी घेऊन यायची आणि त्या गोष्टींत मी कुठेच नसायचे. रातकिड्यांसारखे पण भर दुपारी ओरडणारे किडे, इतके की एकदम थांबले तर माणसं दचकून वर बघतात. पंधरा ऑगस्टला येशूच्या आईच्या, मरियमच्या सणाला देवळात वाटायचा गोड पाव, तो घरी आणेपर्यंत कडेने कुरतडायचा. शनिवारी संध्याकाळी स्मशानात जायचं, हे तर मला ऐकवेना. तिकडे म्हणे थडग्यांवर तेलाचे दिवे असतात. याया दिव्यात तेल घालते आणि मुक्ता काच पुसते. “हा काका यानिस. ही वासिलिकी, यायाची बहीण. ती फार छान गायची.” माझ्या मुलीला परक्या गावातल्या मेलेल्या माणसांची नावं पाठ होती. माझ्या आजोबांचं नाव विचारलं तर ती माझ्याकडे बघायची.

माझं लहानपण मिरजेचं. तेही मला तिला द्यायचं होतं. आमच्या घराजवळ सतारी करणाऱ्यांची गल्ली होती. उन्हाळ्यात दारादारांत मोठाले भोपळे वाळत पडलेले असत आणि लाखेचा, रंधलेल्या लाकडाचा वास गल्लीभर दाटायचा. कुणीतरी आत खुंटी पिळून तार लावायचं. एकच सूर, पुन्हा पुन्हा, वर चढत चढत मनासारखा होईपर्यंत. वार्षिक परीक्षा संपली की मामेभावंडं यायची. गच्चीवर कुरडया घालायच्या, कावळे हाकलायचे, आणि हाकलता हाकलता ओल्या कुरडया आपणच खायच्या. बादलीत आंबे, मांडीवर पितळी, कोपरापर्यंत रस. दुपारी आई पुढच्या दाराला वाळ्याचा पडदा सोडायची आणि त्यावर पाणी मारायची. त्या हिरव्या ओलसर अंधारात आम्ही आठ-नऊ पोरं फरशीला पाठ लावून पडलेली असायचो.

पण हे सगळं एप्रिल-मेमधलं. मुक्ताची सुट्टी ऑगस्टची. ऑगस्टमध्ये मिरजेला ना भोपळे वाळत, ना आंबे, ना भावंडं. त्यांच्या शाळा सुरू. माझं लहानपण जर्मन कॅलेंडरात कुठेच बसत नव्हतं, आणि एलेनीबाईंचं मात्र चपखल बसत होतं. याचा राग मी कुणावर काढणार होते?

मग मी एक केलं. त्या किनाऱ्याबद्दल मिळेल ते वाचून काढलं, चोरून. गावातल्या वाचनालयातून चित्रांची पुस्तकं आणायची, ऑफिसमध्ये डब्याच्या वेळी उघडायची. ग्रीसच्या दक्षिण टोकाला बोटांसारखी तीन भूशिरं समुद्रात उतरतात, त्यातलं मधलं एलेनीबाईंचं. मानी नावाचा हा मुलूख. एका बाजूला तायगेतोस हा उंच डोंगर, दुसऱ्या बाजूला निळी खाडी, आणि मध्ये चिंचोळ्या पट्टीत ऑलिव्हची झाडं, सुरूसारखी उंच काळी सायप्रस, दगडी बुरूज. बुरूज परक्या शत्रूसाठी कमीच. शेजाऱ्याशी, चुलत्याशी पिढ्यानपिढ्या वैर चालायचं, म्हणून प्रत्येक घराण्याने आपापला बुरूज बांधलेला. शेजाऱ्याच्यापेक्षा एक मजला उंच, म्हणजे वरून दगड मारता येतात. तुर्कांना हा मुलूख कधी नीट ताब्यात ठेवता आला नाही. स्वातंत्र्ययुद्ध पेटलं तेव्हा याच डोंगरातली माणसं खाली उतरून कालामाता शहरात शिरली. कालामाता! नाव तर आपल्याच एखाद्या देवीचं वाटावं. आणि त्यांच्या जुन्या महाकाव्यात, लढाई सोडून रुसून बसलेल्या एका वीराची समजूत काढायला राजाने सात गावं देऊ केली होती, त्यात इथलंही एक गाव होतं. तो वीर तरीही रुसलेलाच राहिला. मला तो पटला.

ऑफिसमधले सहकारी रजेहून यायचे आणि फोटो दाखवायचे. “मानीला गेली नाहीस? अजून फार कुणाला ठाऊक नाही ते, तोवर जाऊन ये.” मी म्हणायचे, “माझी मुलगी जाते दरवर्षी.” ते कौतुकाने बघायचे. मी डब्याचं झाकण लावायचे.

नवरा म्हणायचा, “अगं, आपणही जाऊ की एकदा. बाई किती वेळा बोलावतात.” मी म्हणायचे, बघू. मला तिथे पाहुणी म्हणून जायचं नव्हतं. माझ्याच मुलीने मला वाट दाखवायची, हे इथलं आणि ते तिथलं सांगायचं, माझ्यासाठी दुकानदाराशी बोलायचं. नकोच.

मुक्ता बारा वर्षांची झाली त्या वर्षीची गोष्ट. जूनमध्ये एलेनीबाई खाली आल्या. “तिकिटं काढायची ना, नेहमीसारखी?”

मी भांडी पुसत होते. मागे न वळता म्हणाले, “या वर्षी आम्ही भारतात जातोय. मुक्तालाच आजीकडे जायचंय. हट्टच धरलाय तिने.”

त्या म्हणाल्या, “बरोबर आहे. स्वतःच्या आजीकडे जायलाच हवं. मुलीने हट्ट धरला, हे चांगलं झालं.” दुसऱ्या दिवशी माझ्या आईसाठी त्यांनी मिठाची पिशवी आणून दिली, कापडी, तोंडाशी दोरा शिवलेली.

आणि मुक्ताला मी सांगितलं, “यायाकडे या वर्षी खूप पाहुणे येणार आहेत गं. घरात जागा नाही. त्या म्हणाल्या, या वेळी नको.”

मुक्ता खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही, लावून घेतलं.

तो ऑगस्ट मी कसा विसरेन. मिरजेला सलग पाऊस. कपडे वाळत नव्हते, उशांना दमट वास. भावंडांची मुलं सकाळी सातला शाळेत जायची ती क्लास करून संध्याकाळी यायची, दमलेली. मुक्ता खिडकीत बसून असायची. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर जर्मनमध्ये यायचं, आणि माझ्या आईपुढे ते जर्मनही तिच्या तोंडून निघेना. आई बिचारी तिच्या मागे मागे. “लाडू खातेस का गं? थालीपीठ लावू?” मुक्ता मान हलवायची, हो की नाही ते कळायचं नाही. मी तिला सतारींच्या गल्लीत घेऊन गेले. पावसामुळे दारं लावलेली. आम्ही छत्रीखाली उभ्या राहिलो. “इथे ना, उन्हाळ्यात भोपळे असतात,” मी म्हणाले. ती म्हणाली, “ओके.”

आईने ते मीठ लिंबाच्या लोणच्यात घातलं. बोटाने चाटून बघितलं आणि म्हणाली, “कुणाकडचं आणलंस गं? चांगलं आहे. कडू नाही मुळीच.”

पुढच्या जानेवारीत एलेनीबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. आणि जर्मन गेलं. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी, नंतर शिकलेली भाषा आधी जाते. पन्नास वर्षं बोललेली भाषा, भाजीवालीशी, मुकादमाशी, माझ्याशी, एका सकाळीत पुसली गेली. उरलं ते ग्रीक. विमानाचा प्रवास त्यांना जमणार नव्हता. म्हणजे समुद्रावरचा तो ऑगस्ट त्यांचा शेवटचा होता, आणि तो त्यांनी एकटीने काढला होता.

त्यानंतर मुक्ता शाळेतून आली की दप्तर घरात टाकून वर जायची. मीही जायचे, सूप घेऊन. पण माझ्या आणि त्यांच्यात आता एकही शब्द उरला नव्हता. मला त्यांना काही सांगायचं होतं. ते सांगायचं तर मुक्तालाच मध्ये घेऊन, तिच्या तोंडून सांगावं लागलं असतं. मी सूप ठेवून खाली यायचे. जिन्यात दोघींचं बोलणं ऐकू यायचं. एलेनीबाईंचं अडखळणारं, मुक्ताचं घाईचं. आणि लाज वाटते सांगायला, पण त्या आजारी बाईचाही मला हेवा वाटायचा. माझ्या मुलीला दिवसातून तासभर बोलतं करणारी ती एकच होती.

पाच वर्षांपूर्वी आम्ही गावाबाहेर घर घेतलं. मुक्ता सायकलने येत राहिली. या जानेवारीत त्या गेल्या. स्तावरोसने त्यांना गावी नेलं. मुक्ताची परीक्षा होती, तिला जाता आलं नाही.

“आई, आत ये ना,” मुक्ताने मला बघितलं आणि नाक पुसलं. मी आत गेले. तिने फार काही घेतलं नव्हतं. एक पितळी कॉफीचं भांडं, लांब दांड्याचं. एक विणलेला टेबलक्लॉथ. आणि दोन पत्र्याचे चमचे, टोकाला झिजून तिरके झालेले. ते कशासाठीचे, हे मी विचारलं नाही.

स्तावरोसने माझ्याशी हात मिळवला. “तुम्हाला काही हवंय?”

“नको,” मी म्हणाले. हे खोटं नव्हतं. मला जे हवं होतं ते त्या घरात नव्हतं.

परतताना गाडी मीच चालवत होते. दुपारचं ऊन होतं. डोनाऊ नदीवरचा पूल ओलांडला, कारखान्यांच्या छपरांची रांग मागे पडली, आणि मी एकदम बोलून गेले. “मुक्ता, त्या वर्षी, आपण मिरजेला गेलो त्या वर्षी, यायाकडे पाहुणे नव्हते. मी खोटं बोलले होते. तुलाही आणि त्यांनाही.”

ती बाहेर बघत होती. “मला माहितीये.”

“कधीपासून?”

“तेव्हापासूनच.” मग तिने जर्मनमध्ये सुरुवात केली, थांबली, आणि मराठीत आली. “आपण परत आलो ना, तेव्हा मी वर गेले आणि विचारलं, पाहुणे गेले का. याया थोडा वेळ माझ्याकडे बघत बसली. मग म्हणाली, हो, गेले बाई एकदाचे. फार होते. मी विचारलं कोण कोण. तर ती म्हणाली, काका यानिस होता, वासिलिकी होती.”

मला ती नावं आठवायला क्षणभर लागला. मग पाय ॲक्सिलरेटरवरून निघाला.

“दोघंही मेलेले, आई. मी त्यांच्या दिव्यांच्या काचा पुसायचे.” ती किंचित हसली. “तिला घाईत दुसरी नावंच सुचली नाहीत.”

“मग तू का नाही बोललीस मला? नऊ वर्षं?”

“काय बोलू? तू खोटं बोललीस, आणि तुझं खोटं उघडं पडू नये म्हणून ती खोटं बोलली. मला वाटलं, तुम्हा दोघींचं ठरलंय.” थोडं थांबून म्हणाली, “मी खूप चिडले होते तुझ्यावर. अजून चिडते, मध्ये मध्ये. आता ती गेल्यावर जास्तच.”

“हं,” मी म्हणाले. त्या बाईने मला वाचवलं होतं, तेही मला न कळू देता. माझा हेवा त्यांना दिसला होता. कदाचित पहिल्या सप्टेंबरपासून. आणि तरीही त्यांनी माझ्या आईसाठी मिठाची पिशवी शिवली होती.

दोन्ही बाजूंना बिअरमध्ये घालतात त्या हॉप्सची शेतं लागली. नुसते उंच खांब आणि तारा, वेल अजून चढायचे होते.

“मी ऑगस्टमध्ये जाणार आहे,” मुक्ता म्हणाली. “तिच्या थडग्यावर दिवा लावायला. स्तावरोस म्हणाला घराची किल्ली देतो.” मग माझ्याकडे न बघता, “तू येशील?”

सगळं जुनं पुन्हा वर आलं. पाहुणी म्हणून जायचं. वाट तिने दाखवायची. दुकानदाराशी तिने बोलायचं. हे इथलं, ते तिथलं. मी म्हणाले, “रस्ता कसा आहे तिथला? मला सांग.”

“आत्ता?”

“आत्ता.”

ती सांगू लागली, मराठीत. अडखळत, चुकत, मध्येच ग्रीक शब्द घालत, मग हाताने दाखवत. विमान कालामाताला उतरतं. यायाच्या भाच्याची गाडी असते, तिला बकरीचा वास येतो. शहर संपतं. मग गाडी वर वर जाते, खूप ‘स्त्रोफेस’, म्हणजे काय म्हणतात, वळणं. ऑलिव्हची झाडं, त्यांची पानं वारा आला की उलटी होतात आणि चांदीची दिसतात. एक खोल खिंड येते, पुलावर खिडकी उघडायची, खालून गार हवा येते. मग एक चर्च, इतकं लहान की आत चार माणसं मावतील. “आणि तिथून पुढे याया म्हणायची, आता डोळे मीट. दरवर्षी. मी मोठी झाले तरी. मी मिटायचे आणि ती माझ्या हातावर बोटाने वळणं मोजायची.”

“आणि मग?”

“मग ती म्हणायची, उघड. आणि सगळा समुद्र एकदम. समोर छोटं बेट. खाली बुरूज.”

मी गाडी बाजूला घेतली. शेताकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्यावर थांबवली आणि इंजिन बंद केलं. मुक्ता म्हणाली, “काय झालं?” मी हात तिच्यापुढे धरला आणि डोळे मिटले. त्या वळणांचाही मला हेवा वाटत होता, अजूनही, खोलवर. तो जाईल असं मला वाटत नाही.

थोडा वेळ काहीच घडलं नाही. मग तिचं बोट माझ्या तळव्यावर टेकलं. एकदा. काही वेळाने पुन्हा एकदा.

“उघडू?” मी विचारलं.

“अजून नाही,” माझी मुलगी म्हणाली. “अजून दोन वळणं आहेत.”